उपडी वाटी

उद्यमबागेत अडतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस
भांडी घासायचं मशीन घेतो,
तेव्हा कंपनीच्या पोराला बाजूला सारून
आधी वाकून पंपाचं बूड बघतो.
बेअरिंग बरं आहे, म्हणालो.
मालन म्हणाली, भांडी निघणार काय ते सांगा.

तिचं मनगट मोरीत घसरून मोडलं होतं.
प्लास्टर निघालं, खरं कढई उचलायचं बळ
परत आलं नाही.
कामाची यल्लूबाई लेकीकडे दांडेलीला गेली ती गेलीच.

पहिल्या महिन्याचा हिशेब
जुन्या सवयीनं कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलाय:
ताटं, चांगली.
चहाचं पातेलं, चालेल.
पेले, वर पांढरी साय.
कुंदा आटवलेली कढई, मशीन हरलं.
दोनदा हरलं. तिसऱ्यांदा मी लावलीच नाही.
एका फेरीला दोन तास चाळीस मिनिटं,
तेवढ्यात मी डझनभर बुश काढून
वर चहा प्यालो असतो.
आणि पाणी नेमकं तापत आलं की लाईट जाते.

मग आम्ही दोघं अंधारात, खुर्च्या ओढून,
बंद दारासमोर.
आत कुठंतरी थेंब पडायलेत.
उघडू नका, ती म्हणते, वाफ जाईल.
भाताच्या कुकरला म्हणायची तसंच.

पेल्यांवरची साय बघायला
बैलहोंगलचा शिवलिंग आला.
पेला खिडकीच्या उजेडाला धरला, फिरवला,
नीर गडस ऐती काका, उप्पु हाकरी.
बोअरचं पाणी, दुसरं काय.
हे पुस्तकात कन्नडात होतं, इंग्रजीत होतं, हिंदीतसुद्धा होतं.
मी तीन भाषांत न वाचता ठेवून दिलेलं.
मालननं कन्नड बाजारात भाजी घेता घेता उचललेलं,
मी उठेपर्यंत ती मिठाचा डबा घेऊन हजर.
हे नव्हे, आक्का, शिवलिंग हसला,
जाड, वेगळं येतंय, आणून देतो.

भांडणं आहेतच.
मी चकमध्ये जॉब धरावा तशी भांडी लावतो,
ती एका हातानं सगळं काढून पुन्हा लावते.
आणि नळाखाली ताटं विसळून मगच मशीनमध्ये देते.
मग मशीननं काय करायचं?
म्हणते, कुणापुढं खरकटं ठेवायचं बरं दिसतंय काय.

त्या रात्री तिला झोप लागायली होती, मी एकटाच लावत होतो.
वरच्या खणात वाट्या,
उपड्या, जराशा कलत्या, पाणी साचू नये म्हणून.
सगळ्यांची बुडं माझ्याकडे.
एकीच्या बुडावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं.
चष्मा घातला.

चि. सौ. कां. शेवंता हिस
आप्पा, येळ्ळूर, १९८१

लग्नात ताटातल्या तांदळावर
अंगठीनं मालन लिहिलेलं मीच.
नाव आत्यानं सुचवलं होतं, मला दोन अक्षरं कमी पडली म्हणून बरं वाटलेलं.
ते तांदूळ कुणीतरी शिजवून खाल्ले असतील.
हे ठिपके मात्र खोल. अंतर सारखं.
कारागिराचा हात बसलेला होता, एवढं मला कळतं.

ही वाटी कुठली गं, मी विचारलं.
आतून आवाज आला,
रोज आमटी खाताय की तिच्यातनं.

खातो. चाळीसहून जास्त वर्षं खातो.
धुतली नव्हती कधी,
म्हणून पालथी बघितली नव्हती.

वाटी जाग्यावर ठेवली.
दार लावलं, बटण दाबलं,
आणि हळूच म्हणून बघितलं, शेवंता.

ऐकलं काय तिनं, कुणाला ठाऊक.
पंप सुरू झाला होता.
बेअरिंग बरं आहे म्हणालो होतो ना,
बरंच आहे,
खरं आवाज करतंय.